‘कर्सेस’ म्हणजे शाप नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, अक्षरं नाचवायला ‘कर्सेस’ नावाची जी लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) वापरतात तिला मराठीत ‘शाप’ म्हटलं तर चालेल का, कारण प्रोग्राम मधेच बंद केला की कर्सर गायब होतो आणि मित्र म्हणतात शाप लागला.

नाही चालणार. सोलापुरात हे मी तिसऱ्यांदा ऐकतोय, एका क्लासात तर फळ्यावर ‘शाप लायब्ररी’ लिहिलेलं बघितलं, डोकंच उठलं. शिव्याशापवाला इंग्रजी ‘कर्स’ वेगळा, ही लायब्ररी आलीय ‘कर्सर ऑप्टिमायझेशन’वरून, शापाची कोटी वरून मुद्दाम केलेली.

आता खरी गंमत कर्सरमध्ये आहे. लॅटिनमध्ये ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणं, ‘कुर्सोर’ म्हणजे धावणारा, आपला कुरिअरवालासुद्धा याच घरातला. कॉम्प्युटरच्या आधी स्लाइडरूलवरच्या, म्हणजे आकडेमोडीच्या सरकपट्टीवरच्या, सरकत्या काचेलाही कर्सरच म्हणायचे. आमचे एक व्युत्पत्तीवाले काका हा शब्द संस्कृत ‘कर्षक’पासून काढतात, म्हणजे नांगर ओढणारा! काका, जरा लॅटिन कोश उघडा की, दिसला संस्कृतसारखा की लगेच आपला कसा होईल?

माझं विचाराल तर मराठी शब्द आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कधीचा तयार आहे: धोटा. मागावर कांडी पोटात घेऊन डावीकडून उजवीकडे खटाक, उजवीकडून डावीकडे खटाक, जिथून जाईल तिथे धागा सोडणारा. कर्सर दुसरं काय करतो, जिथून जातो तिथे अक्षर सोडतो. यावर तेच काका म्हणाले धोटा दर फेरीला पूर्ण पन्हा कापतो, कर्सर मधेच उडी मारतो. बरं मग? धावतात ना दोघं!

आणि ती उडीच तर कर्सेसचं काम आहे. 80 बाय 24 चा पडदा म्हणजे 1920 अक्षरं, जुन्या 300 बॉड वेगाच्या लाइनवर सेकंदाला 30 अक्षरं जायची, म्हणजे सगळा पडदा परत रंगवायला 64 सेकंद, त्यात कसलं आलंय अ‍ॅनिमेशन. म्हणून कर्सेस जुना पडदा लक्षात ठेवते, बदललेल्या जागाच शोधते आणि धोट्याला तिथवर कमीत कमी अक्षरांत नेते. शिवाय प्रत्येक टर्मिनलची बोली वेगळी, 1978 च्या व्हीटी-100 ला ‘एस्केप’नंतर (हुकूम सुरू होतोय हे सांगणारं न दिसणारं अक्षर) चौकोनी कंस लागतो, त्याच्या आधीच्या व्हीटी-52 ला लागत नाही, त्यामुळे कोड हातानं ठोकून बसवला की दुसऱ्याच्या मशीनवर पडदा पुसायच्या ऐवजी कंस आणि आकडे उमटतात. कर्सेस ‘टर्म’ व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनलचं नाव जिथं लिहिलेलं असतं ते, बघून यादीतून त्या-त्या टर्मिनलची बोली उचलते.

हां, तुमचा गायब कर्सर राहिलाच. प्रोग्रामनं लपवलेला असतो, परत दाखवायच्या आत तुम्ही त्याला मारलेलं असतं. ‘रीसेट’ची कमांड टाइप करा आणि एंटर दाबा, टाइप केलेलं दिसलं नाही तरी दाबा.