गणिताच्या तासिकेच्या जागी संगणकाची तासिका ठेवावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की शाळेला संगणक कक्ष मिळाला असून आठवड्यातल्या काही गणिताच्या तासिका तिकडे वळवाव्यात असा मुख्याध्यापकांचा विचार आहे, तर याने मुलांचे गणित सुधारते का आणि यावर कोणी नीट संशोधन केले आहे का. संशोधन झाले आहे, तेही आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, आणि त्यातून निघणारे उत्तर तुमच्या मुख्याध्यापकांच्या योजनेला अनुकूल नाही.

ली लिंडन हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांमध्ये हा अभ्यास केला. त्याचा निबंध 2008 सालचा आहे. दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताचे तेच सॉफ्टवेअर दोन प्रकारे देण्यात आले. पहिल्या प्रकारात नेहमीच्या अध्यापनातला वेळ काढून मुलांना संगणकावर बसवले, तर दुसऱ्या प्रकारात शाळेचा वेळ जसाच्या तसा ठेवून त्याच्या आधी किंवा नंतर संगणकाचा वेळ जोडला. कोणत्या शाळांना संगणक मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह आहे. पहिल्या प्रकारात मुले संगणक नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या 0.57 प्रमाण विचलनाने मागे पडली, आणि दुसऱ्या प्रकारात 0.28 प्रमाण विचलनाने पुढे गेली. संख्याशास्त्राची भाषा बाजूला ठेवून सांगायचे तर, शंभर मुलांत पन्नासावा असणारा मुलगा पहिल्या प्रकारात साधारण बहात्तराव्या क्रमांकावर घसरला आणि दुसऱ्या प्रकारात एकोणचाळिसाव्या क्रमांकापर्यंत चढला. जादा वेळेचा सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, आणि शिक्षक म्हणून मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

सॉफ्टवेअर तेच असताना असे का व्हावे? ज्ञानशालेचे वर्गातले अध्यापन मुळात काटेकोर आखलेले आणि चांगले होते, आणि सॉफ्टवेअरचा भर शिकवलेल्या गोष्टींच्या सरावावर होता. म्हणजे चांगल्या शिकवण्याचा वेळ काढून घेतला आणि त्या जागी नुसता सराव आणून ठेवला. संगणकाचा परिणाम काय होईल हे तो कोणाची जागा घेतो यावरून ठरते, हे मला या संशोधनाने शिकवले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे गणित शिकवले आहे, आणि हे वर्गात कसे दिसते ते एका प्रसंगावरून सांगतो. तिसरीतला एक मुलगा पडद्यावर 52 वजा 37 सोडवत होता. चार पर्यायांतला 25 त्याने दाबला, लाल खूण आली. मग 15 दाबला, हिरवी खूण आली, टाळ्या वाजल्या आणि पुढचे उदाहरण समोर आले. मी त्याला तेच उदाहरण पाटीवर मांडायला सांगितले, तेव्हा त्याने पुन्हा 25 च लिहिले, कारण एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून तो सरळ सातातून दोन वजा करत होता. दशक सुट्टे करणे त्याला समजलेच नव्हते. पाटी पाहिली नसती तर ते माझ्याही लक्षात आले नसते, आणि काड्यांचे गठ्ठे सोडून ते समजावायला मला तासिकाच हवी होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बडोद्याच्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले होते. त्यातला एक तास शाळेच्या वेळेतला आणि एक शाळेबाहेरचा होता. बॅनर्जी, कोल, ड्यूफ्लो आणि लिंडन यांच्या 2007 सालच्या निबंधानुसार तिथे पहिल्या वर्षी 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 प्रमाण विचलनाची वाढ झाली, मात्र उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने त्यातली जेमतेम 0.10 उरली. तिथे खेळ मुलाच्या पातळीनुसार सोपे-अवघड होत होते आणि मदतीला प्रशिक्षित माणूस हजर होता, या दोन्ही गोष्टी तुमच्या कक्षात आहेत का ते आधी पाहा.

म्हणून गणिताच्या तासिकांना हात लावू नये असे मुख्याध्यापकांना जरूर सांगा. परिपाठाच्या आधीचा अर्धा तास किंवा शाळा सुटल्यानंतरचा जादा तास मागा, मागे पडलेल्या मुलांना आधी बसवा, आणि प्रत्येक जोडीच्या हाताशी एक पाटी ठेवून उत्तर दाबण्यापूर्वी मांडणी तिच्यावर करून घ्या. सुरुवातीला आणि सत्राच्या शेवटी एकच कागदी चाचणी घेतलीत, तर काय बदलले ते तुमच्याच वर्गाच्या आकड्यांवरून मुख्याध्यापकांना दाखवता येईल.