आधी नाडी जुळवा, मग ऑक्सिजन वाचा

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारी बोटावरची क्लिप) पाच मिनिटांत कधी ८४ दाखवतो, कधी ९१. नेब्युलायझर घेतल्यावर नाडी ११०च्या पुढे जाते. कुठला आकडा खरा धरायचा? ८४ दिसल्यावर कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे घरच्या ऑक्सिजन यंत्राचा, फ्लो वाढवू का?

उत्तर : फ्लो स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्तीच्या ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. असा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२ हीच मर्यादा सहसा ठरवतात, ९८ गाठायचे नसतात. वडिलांची मर्यादा आणि बसलेलं, चालताना, झोपेत किती लिटरचा फ्लो, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आता आकड्याबद्दल. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवतो आणि ठोक्यासरशी येणाऱ्या रक्तात तो किती शोषला गेला ते मोजतो. बोट गार असलं, हललं किंवा नेलपॉलिश असलं की ठोका नीट सापडत नाही. म्हणून वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा, हात चोळून गरम करा, मधलं बोट पूर्ण आत सरकवा, हात छातीच्या उंचीला टेकवून ठेवा. पहिले आकडे सोडून द्या. मिनिटभराने स्थिरावेल तो घ्या. त्याच वेळी दुसऱ्या मनगटावर ६० सेकंद नाडी मोजा. ती यंत्रावरच्या नाडीशी जुळत नसेल, तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका, बोट बदला. नाडी हातालाच अनियमित लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्के फरक पडतो. सावळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, धूम्रपान करणाऱ्यांतही.

नेब्युलायझरमधून सहसा देतात त्या साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाने नाडी वाढते, हात थरथरतात. रोजची नोंद नेब्युलायझरच्या आधी घ्या. औषधाचा असर ओसरल्यावरही नाडी चढलेलीच राहिली तर कळवा. चालतानाचा ऑक्सिजन पाहायचा असेल तर थांबल्यावर लगेच क्लिप काढू नका. तळाचा आकडा बऱ्याचदा थोडा उशिरा दिसतो. वहीत वेळ, ऑक्सिजन, नाडी, फ्लो आणि बसून की चालून, एवढं पुरे.

नीट मोजूनही आकडा ठरलेल्या मर्यादेखाली राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ओठ निळे पडले, वाक्य पुरं करता येईना, गुंगी किंवा छातीत दुखणं असेल, तर यंत्र काहीही दाखवो, थेट रुग्णालय गाठा.