सोलापूरहून सेशेल्सला फ्लाय फिशिंगसाठी जायचं तर तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की उजनीवर बरीच वर्षं गळ टाकताय, फ्लाय रॉड अजून हातात धरलेला नाही, आणि येत्या हंगामात सौ.ना घेऊन सेशेल्समधल्या अल्फोन्स बेटावर आठवडाभर जायचा बेत आहे. लॉज बरोबर निवडलंय का आणि सामान कुठलं घ्यायचं, हे विचारलंय. निवड उत्तम आहे. सामानाचं नंतर बघू, आधी फेकायला शिका.

तिथली मासेमारी मुख्यतः शेजारच्या सेंट फ्रान्स्वा बेटाच्या उथळ पाण्यात चालते. गुडघा-मांडीएवढ्या पाण्यातून चालायचं आणि मासा दिसला तरच फेकायचं. गाइड हळूच सांगतो, "अकरा वाजता, पंधरा मीटर" (समोरची दिशा म्हणजे बारा). बोनफिश (तिथल्या उथळ पाण्यातला चपळ मासा) तुमच्यासाठी थांबत नाही, वर समोरून वारा. आपल्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत नेतं. इथं उलटं आहे, वजन दोरीला असतं आणि ती पिसांची माशी, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेलं नकली आमिष, पुढं नेते. हे हाताला कळायला काही महिने जातात. एवढे पैसे भरून ते तिथं जाऊन शिकत बसायचं हे मला तरी पटत नाही.

सोलापूर यासाठी मुळीच वाईट नाही. सकाळी लवकर मोकळं मैदान गाठा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. आषाढात आपल्याकडं पाऊस कमी आणि वाराच जास्त, तेच दिवस सरावाचे. वाऱ्याकडं तोंड करून फेका, आणि डाव्या हातानं दोरी ओढून तिला वेग द्यायचा ‘डबल हॉल’ तेव्हाच शिका. पंधरा मीटर अचूक जायला लागलं की पुरे, लांब फेकीची हौस नको. मग हिप्परग्याच्या तलावावर चिलापीवर हात साफ करा, ती बारीक माशी घेते. तलाव ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

एक सवय मात्र मोडावी लागेल. मासा लागला की आपण रॉड वर हिसडतो. तिथं तसं केलं की माशी तोंडातून निसटते. रॉडचं टोक माशाकडंच ठेवून हातानं दोरी मागं खेचायची.

आता तारखा. तिकडचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, नंतर आग्नेयेचे वारे जोर धरतात. पण महिन्यापेक्षा तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. उधाणात पाणी झपाट्यानं चढतं-उतरतं, चालायला वेळ कमी मिळतो. पहिल्या खेपेला बोनफिशच हवा असेल तर मी भांगाचा आठवडा मागेन. जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, या राक्षसाचं वेड असेल तर गणित बदलतं. कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ हा भरतीच्या वेळेचा हिशेब तिथं चालवू नका, लॉजकडून स्थानिक तक्ता मागवा.

सरावासाठी नऊ फुटी, आठ किंवा नऊ वजनाचा (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे) चार तुकड्यांचा रॉड घ्या, तोच पुढं बोनफिशला चालेल. दोरी उष्ण हवेसाठी बनवलेलीच घ्या, थंड देशातली आपल्या उन्हात लिबलिबीत होते. जीटीचा बारा वजनाचा रॉड भाड्यानं घ्या. चष्म्यात कंजूषपणा नको: पोलराइज्ड, तांबूस काचेचा. मासाच दिसला नाही तर बाकी सगळं फुकट. पायात जाड तळाचे बूट हवेत, प्रवाळ कापतो.

आणि हो, पकडलेला बोनफिश सोडून द्यायचा असतो. गळाचा काटा दाबून टाकायचा, मासा पाण्यातच धरायचा. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "एवढे पैसे घालून मासा सोडलात?" हे ऐकावं लागेल.

व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटावरून अल्फोन्सला छोटं विमान जातं, त्यात सामानाच्या वजनावर बंधन असतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठणार असाल तर विमान त्याच दिवसाचं घेऊ नका, एक दिवस हाताशी ठेवा.

सौ. मासे पकडणार नाहीत म्हणता, तर त्यांचा दर वेगळा लावायला सांगा आणि तो लेखी घ्या. तुम्ही दिवसभर पाण्यात असणार. त्यांना स्नॉर्केलिंग, सायकल, कासवं यात रस आहे का, हे पैसे भरण्याआधी त्यांनाच विचारा.