समुद्राजवळ राहतो, गाडी घरच्या घरी कशी धुवावी? सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन रत्नागिरीत आलात, घर किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, गाडी नवी आहे आणि एका दुकानदाराने सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर बसणाऱ्या संरक्षक थराचा, मोठा आकडा सांगितलाय. मी इथलाच. आमची गाडी बारा महिने खळ्यात, म्हणजे अंगणात, आंब्याखाली उभी असते. गाडी घरी धुवून नक्की निभेल, पण पुण्यात धुवायचात तशी नाही. इथे पहिलं पाणी गाडीच्या पोटाखाली मारायचं, टपावर नंतर.

कारण मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट फुटली की त्याचे बारीक तुषार खाऱ्या वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात तर इथे चोवीस तास तेच चालू असतं, एरवीही कितीतरी रात्री. म्हणजे पाऊस नसला तरी गाडीच्या खाली खाऱ्या पाण्याचा पातळ थर धरतो. वरचा रंग बरीच वर्षं टिकतो. गंज धरतो तो सस्पेन्शनच्या बोल्टांना, सायलेन्सरला, पत्र्याच्या जोडांना आणि दारांच्या खालच्या कडांना, जिथे आपण सहसा वाकून बघत नाही.

म्हणून पंपाच्या पाईपला नोझल लावून चारही चाकांच्या कमानींत आतून पाणी मारा, मग दोन्ही बाजूंनी गाडीखाली. आठवड्यातून एकदा पुरे. पण समुद्रालगतच्या आरे-वारेच्या रस्त्याने वारा सुटलेला असताना गेलात किंवा जयगडहून फेरीबोटीने गाडी तवसाळला नेलीत, तर त्याच संध्याकाळी खालून धुवा. पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी मात्र घालूच नका. ओली वाळू ब्रेकपासून सगळीकडे शिरते, आणि भरतीत रुतलेली गाडी बाहेर काढली तरी तिचं दुखणं पुढे वर्षानुवर्षं चालतं.

आता दार उघडा आणि त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. लहान लांबट भोकं लागतील. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. लाल माती आणि झाडाचा कचरा साचून ती बुजतात, पाणी दारात तुंबतं आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. आम्ही यासाठी झावळीचा हीर, म्हणजे नारळाच्या पात्याची मधली काडी, वापरतो. तो वाकतो आणि रंग खरवडत नाही. हळूच घालून फिरवला की आधी लाल चिखलाचा एक थेंब येतो, मागून कधी कधी चांगली धार लागते. पुढच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तीही तशीच साफ ठेवा. तिथे पानं कुजली की पाणी केबिनच्या बाजूला वाट काढतं.

वरचं धुणं त्यामानाने सोपं. एकच सवय सोडायला हवी, ती म्हणजे सकाळी कोरडं फडकं मारून गाडी पुसण्याची. जांभ्या दगडाची लाल धूळ हाताला मऊ लागते, पण तिच्यात कठीण कण असतात आणि रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा. कोरड्या फडक्याने तो रोज घासला जातो. उन्हात बॉनेटवर जे गोल गोल ओरखडे दिसतात ते त्याचेच. आधी भरपूर पाण्याने माती वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीच्या शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचं फडकं शांपूत बुडवायचं, टपापासून खाली पुसत यायचं, आणि पुन्हा शांपूत बुडवण्याआधी साध्या पाण्यात पिळायचं. त्या बादलीच्या तळाशी बसलेला लाल गाळ एकदा बघा, मग दुसऱ्या बादलीचा कंटाळा येणार नाही. चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो रंगावर लावलेलं मेण उतरवतो. आणि गाडी उन्हात तापलेली असताना धुवू नका, शांपू अंगावरच वाळतो.

पाणी कुठलं आहे हेही पाहा. खाडीलगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो. तुमच्या पाण्याचा एक थेंब आरशावर वाळू द्या. पांढरं वर्तुळ उमटलं तर त्यात क्षार आहेत, मग गाडी धुतल्याबरोबर पुसून कोरडी करा, वाऱ्यावर वाळायला सोडू नका. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली बादल्या लावा आणि शेवटचं पाणी त्याचं घाला. डाग फारसे पडत नाहीत.

आंब्याखाली गाडी लावणार असाल तर हिवाळ्यात मोहोर आल्यावर जपा. मोहोरावरचे तुडतुडे चिकट रस सोडतात, तो काचेवर आणि बॉनेटवर बारीक थेंबांनी पसरतो आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. हे खरवडायचं नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं अंथरून ठेवा, आपोआप सुटतं. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय, फक्त तो त्याच दिवशी करा, कारण ती रंग खाते. झाडाचा चीक वाळला असेल तर सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन तेवढ्याच जागी हलकं फिरवा, लगेच धुवा आणि तिथे पुन्हा मेण लावा.

आतल्या बाजूला पावसाळ्यात खरा शत्रू ओल. जून ते सप्टेंबर सीट शांपूने भिजवू नका, वाळणार नाहीत आणि बुरशी येईल. मॅट रोज उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबून बघा. तुमच्या शेजारच्या सीटपुढे ओलं लागलं आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून कोरड्या फडक्याने पुसा, कारण गुंडाळलेल्या भागात बुरशी लपते. बाजारातून मासे आणणार असाल तर डिकीत झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा कायमचा ठेवा. मासळीचं पाणी एकदा कार्पेटमध्ये मुरलं की वास जाता जात नाही.

इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू नका, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांत शिरतं. ओलसर फडक्याने पुसा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी ऋण तार, मग धन तार काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने साफ करा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. जोडताना क्रम उलटा.

आता सिरॅमिक. वाईट नाही. ऊन, विष्ठा, पाण्याचे डाग यांपासून रंग वाचतो आणि धुणं सोपं होतं. पण ते वरच्या रंगावर बसतं, खालच्या पत्र्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि समुद्राकाठी गाडीचं आयुष्य खालचा पत्रा ठरवतो. तुमच्या जागी मी आधी गाडीखालच्या गंजरोधक कोटिंगला पैसे देईन आणि वर दर तीन-चार महिन्यांनी हाताने मेण लावेन. या गंजरोधक कोटिंगने वॉरंटीला बाधा येत नाही ना, हे शोरूममध्ये आधी विचारून घ्या. ते आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, आधी एप्रिल-मेमध्ये करा. गाडी खालून धुऊन पूर्ण वाळलेली हवी. मिठावर कोटिंग बसलं तर गंज आतल्या आत वाढतो. फवारा मारताना स्वतः उभे राहा आणि ब्रेक, सायलेन्सर आणि ती निचऱ्याची भोकं आधी झाकून घ्यायला सांगा.