लाटांत ल्यूर ओढताना

ताम्हिणी उतरून दिवेआगरला पहिल्यांदाच मासे पकडायला जाताय, तर एकाच वेगाने रीळ फिरवू नका. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा ल्यूरही (गळाचं खोटं आमिष) तुमच्याकडे ढकलला जातो, लाईन ढिली पडते आणि मासा लागला तरी हाताला कळत नाही. तेव्हा भरभर गुंडाळा. पाणी मागे ओढू लागलं की हात सावकाश. त्या ताणावरच ल्यूर हलतो. २०-३० ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्यूर) असेल तर चार-पाच फेऱ्यांनंतर सेकंदभर थांबा, पण लाईन सैल सोडू नका. चावा बरेचदा स्पून खाली बसतानाच येतो. वाऱ्यात रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा. आणि शेवटचे दहा मीटर घाईने उचलू नका! किनाऱ्यालगतच्या चरात मासा अगदी पायाशी येतो. रीळ तिथेच गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुण्याला पोचेपर्यंत मीठ धरतं.