पंधरा तास मोजून घ्या

यावल तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगा १९ वर्षे ४ महिन्यांचा. बारावी झाला, पुढे शिकायचं नाही म्हणतो. वडील नाहीत, तीन एकर केळी आहे. आठ महिन्यांपूर्वी कारचं लायसन्स काढलं. ट्रॅक्टर लहानपणापासून चालवतो, ट्रॉली अशी मागे घेतो की गाव बघत राहतं. त्याला ट्रकच चालवायचा आहे. जळगावला एका क्लासवाल्याने सांगितलं, हेवीचं (जड वाहनाचं) लायसन्स घरबसल्या काढून देतो, फक्त टेस्टच्या दिवशी या, वय आम्ही बघून घेऊ. दुसरा क्लास दीडपट महाग आणि वर रोज यायला सांगतो. दीर म्हणतात, क्लासला पैसे कशाला घालता, वर्षभर क्लीनर म्हणून पाठवा, आपोआप शिकेल. मला तर ट्रकचीच भीती वाटते. काय करू?"

ताई,

"वय आम्ही बघून घेऊ" हे वाक्य ज्याने उच्चारलं, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. मालवाहू किंवा प्रवासी वाहन रस्त्यावर चालवायला कायद्याने २० वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. शिवाय कारचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. तुमच्या मुलाचं ते वर्ष चार महिन्यांनी भरेल आणि वय आठ महिन्यांनी. म्हणजे घाई करून काही मिळणार नाही, आठ महिने थांबायचंच आहे. खोटी जन्मतारीख लावून निघालेलं लायसन्स एखाद्या अपघातानंतर उघडं पडलं, तर विमा कंपनी भरपाई मालकाच्या गळ्यात मारू पाहते आणि पोरावर गुन्हा राहतो तो वेगळाच.

आता "घरबसल्या"चा अर्थ. जड वाहनाच्या टेस्टला अर्ज करताना मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याला नमुना ५ म्हणतात. त्यासाठीचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष चाकावर किमान १५ तासांचं असलं पाहिजे, असा नियम आहे. घरी बसलेल्या मुलाच्या नावावर हे तास कागदावर चढतात, एवढंच. दीड हजार, दोन हजार वाचले म्हणून आपण खूश होतो, पण वाचलेले पैसे त्या १५ तासांचेच असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पारोळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हणालो होतो, लायसन्स ते लायसन्स, कुठूनही काढ. माझी चूक. त्याने असंच घरबसल्या काढलं. जळगावच्या एमआयडीसीत एका मालकाने त्याला ट्रायलला बसवलं आणि गाडी गोडाऊनच्या माल चढवायच्या फळीला मागे लावायला सांगितली. तीन वेळा पुढे-मागे झालं, चौथ्यांदा भिंतीचा कोपरा गेला. मालक भला म्हणून हाकललं नाही, पण त्याच गाडीवर आठ महिने क्लीनर म्हणून ठेवला. खिशात हेवीचं लायसन्स आणि हातात हवा मारायची नळी! तेव्हापासून मी "कुठूनही काढ" म्हणणं सोडलं.

म्हणून क्लास बघायचा तो असा. न सांगता, सकाळी सात-साडेसातला जा, कारण शिकवणी त्याच वेळी चालते. आधी विचारा, ट्रक कुठे आहे? बऱ्याच ठिकाणी दारात फक्त कार असते आणि टेस्टच्या दिवशी कुणाचा तरी ट्रक भाड्याने आणला जातो. शिकवायच्या गाडीला मास्तरच्या बाजूनेही ब्रेक-क्लच हवा, तो डोळ्यांनी पाहा. आरटीओने दिलेला स्कूलचा परवाना, म्हणजे नमुना ११, ऑफिसात मागा आणि त्यावरची मुदत वाचा. तो पाच वर्षांचा असतो. मग केबिनमध्ये डोकावा. चार मुलं बसलेली आणि एक चालवतोय असं दिसलं तर घाबरू नका, बघण्यातूनही शिकता येतं. पण हिशेब विचारा. रोज अर्धा तास धरला तरी ३० दिवसांत १५ तास होतात, मात्र तो अर्धा तास तुमच्या मुलाचा स्वतःचा हवा, चौघांत वाटलेला नको. रोजच्या तासांची नोंद ठेवावी लागते, तिच्यावर मुलाने त्या दिवशीच सही करावी. महिनाअखेर एकदम तीस सह्या करायला सांगितलं, तर नाही म्हणायला त्याला आधीच शिकवून ठेवा.

फी एकरकमी देऊ नका. अर्धी सुरुवातीला, उरलेली रिव्हर्स आणि चढावर गाडी उचलणं नीट जमल्यावर. आणि पावती घ्या. सरकारी फी त्या मानाने थोडीच असते, बाकी सगळी क्लासची, हे लक्षात राहिलं की घासाघीस करता येते. तुम्ही लिहिलेला महागडा क्लास या कसोटीला उतरला, तर तोच घ्या. मला तरी तो बरा वाटतो, कारण रोज या म्हणणारा माणूस गिऱ्हाईक गमावायला तयार आहे.

एक तिसरी वाटही आहे. २०२१ पासून सरकारने मान्यता दिलेली मोठी ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रं सुरू झाली. तिथे जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा असतो, सिम्युलेटर (जागेवर बसून गाडी चालवायचा सराव देणारं यंत्र) आणि स्वतःचा ट्रॅक असतो, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओत वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. यादी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा आरटीओत मिळेल. बाहेरगावी राहण्याचा खर्च झेपत असेल, तर तीन-चार हजार वाचवायच्या नादात ही वाट सोडू नका.

दीर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. स्टिअरिंग हाती न देता हे आठ महिने मुलगा गाडीवर गेला तर उत्तमच. सावद्याहून केळीची गाडी भरताना घड कसे रचतात, ताडपत्री कशी ओढतात, दोर कुठे आवळतात, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) कोण विचारतं, ढाब्यावर गाडी कुठे लावली की डिझेल चोरीला जात नाही, हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. पण रात्री दोन वाजता झोपेला आलेला ड्रायव्हर म्हणणार, "बस रे भाऊ थोडा वेळ, रस्ता सरळच आहे." तिथे नाही म्हणता आलं पाहिजे. लायसन्स नसताना चालवलं तर दंड ५,००० रुपये, आणि गाडी देणाऱ्यालाही तेवढाच. बरं, तो अर्धवट झोपेतला उस्ताद पोराच्या हाताला ज्या सवयी लावेल, त्या काढायला पुढे दुप्पट वेळ लागतो.

सवयींवरून ट्रॉलीचं आठवलं. त्याची ट्रॉली मागे जाते हे कौतुकाचंच आहे, पण ट्रॉलीला स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं. ट्रॉलीची मागची बाजू डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे. सलग सांगाड्याच्या ट्रकला ते कारसारखंच सुलट असतं. ट्रॅक्टरवरच्या मुलांचा हात रिव्हर्सला पहिले आठ दिवस चुकतो आणि मग त्यांना वाटतं, आपल्याला येत नाही. येतं. उद्या तो ट्रेलरवर गेला तर हीच विद्या त्याला इतरांच्या पुढे नेईल. मास्तरला पहिल्याच दिवशी सांगायचं, मी ट्रॅक्टरवाला आहे, रिव्हर्स जास्त घ्या.

टेस्टचं वेळापत्रक सोपं आहे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येते. क्लासचे ३० दिवस त्यातच बसवायचे. टेस्ट त्याच प्रकारच्या गाडीवर होते. ज्या गाडीवर शिकला तीच टेस्टला मिळेल का, हे क्लासकडून आधी वदवून घ्या. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी धरतो.

मुलं नापास होतात ती गाडी येत नाही म्हणून कमी, आणि घाईने जास्त. साहेब शेजारी बसले की पोरगा थेट किल्ली फिरवतो. त्याआधी सीट, आरसे, हँडब्रेक, न्यूट्रल, हे सगळं पाहताना दिसलं पाहिजे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून इंजिन सुरू केल्यावर हवेचा काटा वर येऊन बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही. हे शांतपणे थांबणं बघूनच अर्धा अंदाज येतो की याला कुणीतरी शिकवलंय. वळण घेताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापतं, त्यामुळे डाव्या वळणाला आधी थोडं पुढे जाऊन मग चाक टाकायचं आणि डावा आरसा सोडायचा नाही. मोटारसायकलवाले तिथेच घुसतात. चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगतात, गाडी वीतभरही मागे सरकू नये. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती तिथेच पकडली जाते. वळताना हात दाखवतो पण इंडिकेटर विसरतो, असाही एक प्रकार आहे. ट्रॅक्टरवाल्यांत हमखास.

नापास झाला तरी जग बुडत नाही. सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाला तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून दुसऱ्यांदा चुकल्यावर मध्ये दोन दिवस क्लासची गाडी घ्यावी. एजंटाला जादा पैसे देऊन "पास करून" घेऊ नका.

तुमच्या भीतीबद्दल. ती मी घालवणार नाही, कारण ती खोटी नाही. ४ जुलै २०२३ ला शिरपूरच्या पळासनेरला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, तो गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला आणि किमान १० माणसं गेली. बिजासन असो, कोंडाईबारी असो की चाळीसगावहून कन्नडचा घाट, उतारावर चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की ब्रेक धरत नाही. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर इंजिनाचा अडवणारा जोर जातो, आणि कुणी इंजिनच बंद केलं तर हवा भरणंही थांबतं. चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरने उतरायचं, वेग इंजिनाने रोखायचा आणि ब्रेक अधूनमधून मारायचा. क्लासवाल्याला हा एकच प्रश्न विचारून बघा: घाट उतरताना गाडी कशी धरायची? तो सांगायला बसला तर पैसे द्या. "ते नंतर रस्त्यावर कळतं" म्हणाला तर उठा.

लायसन्स हातात आल्यावर लगेच दहाचाकीवर बसवू नका, पहिलं वर्ष सहाचाकी आणि जवळची भाडी. मध्ये कधी पिकअप मिळाली तर तीही चालेल. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला कारचंच लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. पण २० वर्षांची अट तिथेही आहेच. पुढे मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोवर टँकरला जायचं मनात असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. एसटीचं मात्र आत्ताच डोक्यात घेऊ नका, प्रवासी वाहनाला बॅज (आरटीओची वेगळी परवानगी) लागतो आणि भरती मनात येईल तेव्हा निघत नाही. नोकरी ठरवताना महिना पगार किती आणि खोराकी (जेवणखर्च) वेगळी किती, हे दोन आकडे वेगवेगळे विचारायचे. गाडी नवी असेल तर केबिनला एसी आहे का तेही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना तो सक्तीचा झालाय. मे महिन्यात भुसावळचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला ही चैन वाटणार नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, याच आठवड्यात, मुलाचे डोळे तपासून घ्या. व्यावसायिक लायसन्सला डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतं. त्यात नजर, ऐकणं आणि लाल-हिरवा ओळखणं पाहतात. रंगांधत्व तीव्र असेल तर लायसन्स मिळत नाही, आणि घरात राहून ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. फैजपूरला किंवा जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना "ट्रकचं लायसन्स काढायचंय" असं सांगून दाखवा. तो कागद ठीक आला की क्लास बघायला निघा, सकाळी सातला.