जुनी फ्रेम, नव्या काचा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चष्म्याचा नंबर बदलला आहे. आठ वर्षांपूर्वीची शेलची फ्रेम चांगली आहे, पण दोन दुकानांत ‘जुन्या फ्रेमला काचा बसवत नाही, नवीनच घ्या’ असं सांगितलं. खरंच बसत नाहीत का? (नाशिक)

बसतात. नकारामागे बहुधा एकच कारण असतं: फ्रेम तुटली तर भरपाई कोणी द्यायची? ही भीती खोटी नाही. शेलची, म्हणजे अ‍ॅसिटेटची, फ्रेम गरम हवेवर मऊ करून मगच तिच्यात काच दाबून बसवतात. अ‍ॅसिटेट लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेला पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो. मग फ्रेम कडक होते, थोडी आक्रसते, आणि ताण पडला की नाकाजवळ किंवा बिजागरीपाशी तडकते.

म्हणून दुकानात जाण्याआधी फ्रेम स्वतः तपासा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पुसा आणि उजेडात धरा. पांढरट थर पुन्हा पुन्हा येत असेल, व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल किंवा काचेच्या खाचेत केसासारखी चीर दिसत असेल, तर त्या फ्रेमवर काचांचे पैसे घालू नका. काड्या उघडझाप करताना ढिल्या वाटल्या तर काळजी नको. स्क्रू बदलून ते काम होतं. गंजून अडकलेला स्क्रू मात्र जोर लावून फिरवू नका. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब रात्रभर मुरू द्या. तुटलेली काडी सुपरग्लूने चिकटवण्याच्या फंदात तर पडूच नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरे डाग पडतात आणि नंतर कारागिराला नीट जोडही देता येत नाही.

फ्रेम धड असेल तर दुकानदाराला सरळ सांगा, ‘बसवताना तुटली तर जबाबदारी माझी.’ यावर बरेच जण तयार होतात. जुन्या काचा काढून घरी ठेवू नका. नव्या काचांचा आकार फ्रेमच्या खाचेवरून किंवा जुन्या काचेवरून घेतात, त्यामुळे फुटलेल्या काचेचे तुकडेही सोबत न्या. काचांची किंमत, बसवण्याची मजुरी आणि कोटिंगचे (काचेवरच्या पातळ थराचे) पैसे वेगवेगळे विचारा. एकत्र आकड्यात कोटिंगचा खर्च लपून जातो. चष्म्याच्या काचांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलावर बघा.

खर्च कमी करण्याची खरी जागा आणखी एक आहे. एकाच नंबरच्या (दूर-जवळ असे वेगळे भाग नसलेल्या) काचा साधारण ६ नंबरपर्यंत आणि २ सिलिंडरपर्यंत (सिलिंडर म्हणजे ठरावीक दिशेने दिलेला जादा नंबर) तयार साठ्यात मिळतात. त्यापुढे लॅबमध्ये घासून घ्याव्या लागतात, म्हणून महाग पडतात आणि दिवसही जास्त लागतात. तुमचा नंबर या मर्यादेत असेल तर ‘तयार काच चालेल’ असं आवर्जून सांगा. हार्ड कोट हवाच, नाहीतर प्लास्टिकच्या काचेवर लवकर ओरखडे पडतात. रात्री गाडी चालवत असाल तर चमक कमी करणारं कोटिंगही घ्या. ब्लू कटचे, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या कोटिंगचे, पैसे मात्र वाचवा. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, स्क्रीनमुळे डोळ्यांना येणारा थकवा त्याने कमी होतो असं दिसलं नाही.

माझा नंबर उणे ५.५० आहे. जुनी फ्रेम मोठी आहे. दुकानदार १.६७ ची पातळ काच घ्या म्हणतो, पण ती फार महाग आहे. (कोल्हापूर)

आधी फ्रेमच्या काडीच्या आत छापलेले आकडे वाचा. ५४-१८-१४० असं असेल तर ५४ मिलिमीटर ही काचेची रुंदी, १८ नाकावरचं अंतर आणि १४० काडीची लांबी. ५४ आणि १८ मिळून ७२ होतात. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६० असेल तर फरक १२ चा. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागेल आणि मध्यापासून कानाकडची कड ३३ मिलिमीटरवर जाईल. उणे नंबरची काच मध्यापासून लांब जाईल तशी जाड होत जाते, आणि ही वाढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होते.

१.५०, १.६७ हे काच प्रकाश किती वळवते त्याचे आकडे; आकडा मोठा तितकी काच पातळ. या फ्रेममध्ये साधी १.५० ची काच कानाकडे साधारण ८ मिलिमीटर जाड होईल, १.६७ ची साधारण ६. आता ४६-१८ ची लहान फ्रेम घ्या. तिथे कड मध्यापासून फक्त २५ मिलिमीटरवर येते आणि साधी १.५० ची काच ५.५ मिलिमीटरच्या आसपास बसते. मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षाही पातळ! घरात किंवा नातेवाइकांकडे लहान, गोलसर जुनी फ्रेम पडून असेल तर तीच वापरा. त्याहून पातळ हवी असेल तर १.६० पुरेशी होईल. १.६७ चा खर्च या नंबरला लहान फ्रेममध्ये आम्हाला पटत नाही.

मोठी फ्रेम उणे नंबरला आणखी एका कारणाने त्रासदायक ठरते. जास्त उणे नंबरची काच पुढून चपटी असते आणि जुनी फ्रेम गोलाई असलेल्या काचेसाठी वाकवलेली असते. मग रिम सरळ करावी लागते, आणि जुनं अ‍ॅसिटेट नेमकं त्याच वेळी तडकतं. धातूच्या फ्रेमला ही अडचण कमी.

अर्ध्या फ्रेमला आणि रिमलेसला नवीन काचा बसतात का? (रत्नागिरी)

अर्ध्या फ्रेमला बसतात. काच खालून धरणाऱ्या दोरीसाठी काचेला खाच पाडायची असते, म्हणून कड किमान २ मिलिमीटर जाड हवी. नायलॉनची दोरी त्याच वेळी बदलून घ्या. रिमलेसमध्ये, म्हणजे काचेभोवती कड नसलेल्या फ्रेममध्ये, काचेला भोकं पाडतात. तिथे साधी १.५० ची काच भोकापाशी तडकते, म्हणून पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स या चिवट प्लास्टिकची काच घ्या.

वडिलांच्या जुन्या फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्ह काचा बसवायच्या आहेत. (लातूर)

प्रोग्रेसिव्ह काचेत वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर मधली रेघ न दिसता बदलत जातो, म्हणून फ्रेमची उंची मोजा. फ्रेम त्यांच्या नाकावर नेहमीसारखी बसवून, बाहुलीच्या मध्यापासून खालच्या रिमपर्यंतचं अंतर साधारण १८ मिलिमीटर हवं. छोट्या कॉरिडॉरच्या (दूरच्या आणि वाचनाच्या भागांमधला पट्टा आखूड असलेल्या) काचांना १४ चालतं. त्याहून कमी असेल तर वाचनाचा भाग कापताना निघून जातो आणि पैसे वाया जातात. फ्रेम घसरत असेल तर आधी नोजपॅड बदला आणि मगच माप घ्या. उलट क्रमाने केलं तर माप चुकतं. फ्रेमची उंची कमी असेल तर डी बायफोकल (खाली डी आकाराचा वाचनाचा भाग असलेली काच) घ्या. स्वस्त पडतं आणि वडीलधाऱ्यांना त्याची सवयही लवकर होते.

नवीन काचा लावल्यापासून जमीन तिरकी वाटते. दुकानदार म्हणतो सवय होईल. (ठाणे)

आठवडाभर वाट बघा, पण त्याआधी एक गोष्ट करा. दुकानात चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, लावून समोर मोजायला सांगा आणि आकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडा. आकडे वेगळे दिसले तर लगेच घाबरू नका: +१.००, सिलिंडर -०.५०, अक्ष (सिलिंडरची दिशा, अंशांत) ९० आणि +०.५०, सिलिंडर +०.५०, अक्ष १८० हे एकाच काचेचे दोन पद्धतीने लिहिलेले नंबर आहेत.

दोन चुका प्रामुख्याने होतात. एक, काचेचा मध्य बाहुलीसमोर नसतो. ४ नंबरच्या काचेचा मध्य ३ मिलिमीटर सरकला तर १.२ प्रिझमचा परिणाम होतो, म्हणजे दिसणारी वस्तू थोडी बाजूला सरकते, आणि दोन्ही डोळ्यांना जुळवून घ्यायला ताण पडतो. दोन, काच फ्रेममध्ये फिरते. रिम धरून काच बोटाने हलकेच फिरवून बघा. हलली तर ती लहान कापली आहे. सिलिंडर असलेल्या काचेचा अक्ष १० अंश ढळला तर सिलिंडरच्या एक तृतीयांशाहून अधिक नंबर दुरुस्त न होता तसाच उरतो. उलट काच मोठी कापली असेल तर धातूच्या फ्रेमचा स्क्रू करकचून आवळावा लागतो, आणि मग कडेने ताण येऊन कोटिंगवर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. असं दिसलं तर काच बदलून मागा. ही चूक बसवणाऱ्याची आहे, तुमची नाही. पीडीचं माप मात्र तुम्हीच चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्याकडे डॉक्टर बहुधा ते लिहीत नाहीत, आणि पुढच्या वेळी वेगळ्या दुकानात गेलात तरी ते उपयोगी पडतं.